कमी दाब ओडिशात, पाऊस कणकुंबीत

ऑगस्टमध्ये बेळगावच्या मराठी पेपरांत एक बातमी हमखास असते. बंगालच्या उपसागरात ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय, दोन-तीन दिवसांत खानापूर तालुक्यात, कणकुंबीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावांत पावसाचा जोर वाढेल. ओडिशाचा किनारा इथून हजार किलोमीटरहून लांब, तोही पूर्वेला. आपला पाऊस तर पश्चिमेकडून, अरबी समुद्रावरून घाट चढून येतो. मग तिकडे दाब उतरला की इकडे पाऊस का वाढावा?

हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन. एका चौरस मीटरवर समुद्रकाठी सुमारे दहा टन हवा उभी असते. उतरंडीतल्या तळाच्या मडक्यावर जसा सगळ्यांचा भार, तसा जमिनीलगतच्या हवेवर वरच्या सगळ्या हवेचा भार असतो, म्हणून ती दाबलेली, दाट असते. समुद्रसपाटीला हा दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक) भरतो. बेळगावचा सांब्रा विमानतळ साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, तिथे तो ९२५-९३०च्या आसपास येतो. बेळगावात पाणी गोव्यापेक्षा दोन-अडीच अंश आधीच उकळतं, ते यामुळेच.

इथे एक शंका यायलाच हवी. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते असं शाळेत शिकवतात. गोव्यात दाब १०१०, बेळगावात ९२५. मग गोव्याची सगळी हवा कायम चोर्ला घाट चढून का पळत नाही? कारण दाब तिला वर ढकलतो तितक्याच जोराने पृथ्वी तिला खाली ओढते. हिशोब फिटतो, हवा जागच्या जागी राहते. वारा सुटतो तो आडव्या फरकामुळे, म्हणजे एकाच उंचीवरच्या दोन ठिकाणी दाब वेगळा असला तर. म्हणून हवामान खातं नकाशा काढण्याआधी प्रत्येक गावचा दाब समुद्रसपाटीला नेऊन मांडतं. तसं केलं की गोवा आणि बेळगाव जवळजवळ एका आकड्यावर येतात.

आडवा फरक असतो तरी किती? जूनमध्ये राजस्थान आणि पाकिस्तानच्या तापलेल्या जमिनीवर दाब हजाराच्या खाली जातो, तर मादागास्करच्या पूर्वेला, दक्षिण हिंदी महासागरात तो १०२०च्या वर असतो. अंतर सहा हजार किलोमीटरहून जास्त आणि फरक जेमतेम पंचवीस हेक्टोपास्कल. किनाऱ्यावरून बेळगावला चढून येताना आपण याच्या तिप्पट फरक ओलांडतो आणि फार तर कानात दडे बसतात! पण त्या पंचवीसच्या आडव्या फरकावर सगळा मान्सून चालतो.

हा वारा सरळ राजस्थानकडे जात नाही, ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला वाऱ्याची वाट डावीकडे वळते, उत्तरेला उजवीकडे. आग्नेयेकडून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडला की उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्येकडून आपल्या अंगावर येतो. वळता वळता तो अशा स्थितीला पोचतो की कमी दाबाकडे जाण्याऐवजी त्याला बगल देऊन वाहू लागतो. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ साली यावरून एक सोपा नियम सांगितला: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. जुलैमध्ये जांबोटीच्या माळावर करून बघण्यासारखं आहे. वारं नैर्ऋत्येचं, म्हणजे तोंड ईशान्येला आणि डावा हात वायव्येला, थेट राजस्थानच्या दिशेने. झाडं, इमारती आणि डोंगर जमिनीलगतचं वारं थोडं भरकटवतात, त्यामुळे हात अगदी नेमका पडणार नाही. वर ढग ज्या दिशेने धावतात त्यावरून जास्त खरं कळतं.

आता ओडिशाकडे वळू. मान्सूनमध्ये राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा पसरलेला असतो, तो आपल्या उत्तरेला. त्याच्या पूर्वेच्या टोकाला, ओडिशाजवळ दाब आणखी उतरला की उत्तर आणि दक्षिणेतला फरक वाढतो. फरक वाढला की त्या दोहोंच्या मधून वाहणारं पश्चिमेचं वारं जोर धरतं. ओडिशाचं क्षेत्र आपल्याकडे पाऊस पाठवत नाही, अरबी समुद्रावरचं वारं तेवढं जोरात ओढतं. त्याच वेळी गुजरात ते केरळ किनाऱ्याला समांतर कमी दाबाची पट्टी असली, तर घाटात झडच लागते. ऑगस्ट २०१९च्या पहिल्या आठवड्यात असंच क्षेत्र बंगालच्या उपसागरातून ओडिशावर आलं, आणि त्याच दिवसांत कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा पात्राबाहेर पडल्या. अथणी-चिकोडीकडे नदीकाठची गावं पाण्यात गेली. पाऊस मुख्यतः घाटात पडला होता, पूर मात्र पूर्वेच्या कमी पावसाच्या मुलखाने सोसला.

तो मुलूख कोरडा का, याचंही उत्तर दाबात आहे. समुद्रावरची दमट हवा घाटाला अडते आणि वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते. फुगताना तिची स्वतःचीच ऊर्जा खर्च होते आणि ती गार पडते, किलोमीटरमागे सुमारे दहा अंशांनी. वाफ धरून ठेवणं जमेनासं झालं की ढग बनतात, पाऊस पडतो. घाट ओलांडून पूर्वेला उतरताना हवा पुन्हा दाबली जाते, तापते, ढग विरतात. कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, बेळगाव शहरात बाराशेच्या पुढे-मागे आणि अथणीकडे पाचशे-सहाशे. आणि कणकुंबी ते अथणी हे अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही नाही. पाऊस देऊन मोकळं झालेलं वारं मात्र थांबत नाही. सौंदत्तीकडच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्याच्या भरवशावर.

वळवाचं गणित निराळं. एप्रिल-मेमध्ये आतल्या कर्नाटकावरून उत्तर-दक्षिण असा कमी दाबाचा एक पट्टा बऱ्याचदा तयार होतो. त्याच्या एका बाजूने समुद्राकडचं पश्चिमेचं वारं येतं, दुसऱ्या बाजूने बंगालच्या उपसागराकडची दमट हवा, आणि दोन्ही भिडतात ती जागा बऱ्याचदा आपल्या माथ्यावर असते. दुपारपर्यंत जमीन भाजून निघते, चारच्या सुमारास ढग भराभर वर चढतात. मग पावसाआधी तो गार झोत येतो, ज्याने धूळ उठते, कैऱ्या पडतात आणि वाळत घातलेलं सगळं उडतं. हा झोत ढगाकडे जात नाही, ढगातून येतो. पडता पडता काही थेंबांची वाफ होते, त्यामुळे आजूबाजूची हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते. ढगाखाली दाब काही मिनिटांत हेक्टोपास्कल-दोन हेक्टोपास्कलने उसळतो आणि ती हवा चहूकडे पसरते. इथे डाव्या हाताचा नियम चालत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसायला तास न् तास लागतात, वळवाचा खेळ तासाभरात संपतो. धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी करणाऱ्याला या पावसाचा म्हणूनच भरवसा नसतो. एका शिवारात गारा आणि शेजारच्या गावात नुसता फुफाटा, हे दरवर्षीचंच.

सप्टेंबरपासून उत्तरेची जमीन निवते, तिथला दाब वाढू लागतो आणि कमी दाबाचा पट्टा दक्षिणेकडे, बंगालच्या उपसागराच्या खालच्या भागाकडे सरकत जातो. वारं फिरून ईशान्येचं होतं. आता पाठ करून उभं राहिलात तर डावा हात आग्नेयेला जातो. पश्चिमेचं वारं थकलं की घाटातला पाऊस ओसरतो. पूर्वेच्या तालुक्यांत मात्र याच दिवसांत गडगडाटी पाऊस होतो, आणि अथणीकडे वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो. तिकडची शाळूची पेरणी याच ओलीवर होते.