उल्हासचं खोरं, कर्जतचा रूळ आणि वर्षभराचा फेलो

२७ जुलै २०१९ची पहाट. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उभी राहिली, कारण पुढे रूळच दिसेना. उल्हास नदी लोहमार्गावर आली होती. अंधार, पाऊस आणि डब्याच्या पायऱ्यांना लागलेलं पाणी, अशा स्थितीत लोकांनी तास काढले. उजाडल्यावर आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदल आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, आणि आसपासच्या गावांतली माणसं तर होतीच. १०५० प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. तिथून त्यांना दुसऱ्या गाडीने कल्याणहून पुढे पाठवलं.

ही घटना बहुतेकांना बचावकार्यासाठी आठवते. मला ती एका वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. त्या पहाटे जिथे गाडी थांबली, त्या जागेचा विचार नेमका कोणी करायचा? रूळ मध्य रेल्वेचा. नदी आणि तिची पूररेषा जलसंपदा विभागाकडे. शेजारची जमीन महसूल खात्याच्या दप्तरात. जवळचं शहर नगरपरिषदेचं. आणि या सगळ्यावरचा प्रादेशिक आराखडा एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. गेल्या काही वर्षांत सरकारी कार्यालयांत ठरावीक मुदतीसाठी काम करायला जे तरुण फेलो येऊ लागले आहेत, त्यांच्यातल्या कोणाला ‘प्रादेशिक नियोजन, वाहतूक आणि हवामान बदल’ असा विषय मिळाला, तर त्याच्या टेबलावर हाच प्रश्न येऊन पडतो. हा प्रश्न इथवर कसा आला, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात रेल्वेपासूनच करू. १८५३मध्ये बोरीबंदर ते ठाणे, १८५४मध्ये कल्याण, १८५६मध्ये खोपोली, आणि १८६३मध्ये बोरघाट चढून पुण्याकडे. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून अभियंत्यांनी घाटाच्या पायथ्यापर्यंत जाण्यासाठी सपाट जागा शोधली. अशी सपाट जागा नदीच तयार करून ठेवते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून उल्हास कर्जतवरून बदलापूर, कल्याणकडे उतरते, आणि कल्याण-कर्जत लोहमार्ग तिच्याच खोऱ्यातून वर चढतो. कर्जत लोकलमध्ये बदलापूर सोडल्यावर डाव्या हाताच्या खिडकीशी बसून पाहा. उन्हाळ्यात नदी कुठे आहे हे शोधावं लागतं. जुलैत शोधावं लागत नाही.

नदीच्या खोऱ्यालाच प्रदेश मानायचं, ही कल्पना मुंबईत शिकवली गेल्याला शंभर वर्षं उलटली. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस १९१४मध्ये भारतात आले, अनेक शहरं पायी फिरले, आणि १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत खोऱ्याचा एक उभा छेद काढायचा, आणि कोणत्या उंचीवर कोण काय काम करून जगतो ते त्यावर मांडायचं, ही त्यांची पद्धत. आधी पाहणी, मग आराखडा. मालवणचे गो. स. घुर्ये त्यांच्याच शिफारशीने विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन १९२०मध्ये इंग्लंडला गेले आणि परतल्यावर १९२४मध्ये त्या विभागाचे प्रमुख झाले. तरुण माणसाला ठरावीक मुदतीसाठी पैसे द्यायचे, शिकू द्यायचं आणि मग कामाला लावायचं, याचं हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. खोऱ्याच्या छेदाची गोष्ट मात्र वर्गातच राहिली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई फुगू लागली तेव्हा सरकारने जे गट नेमले, त्यांच्यापुढचा प्रश्न गर्दीचा होता. १९५८च्या बर्वे गटाने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती वाढवावी, असं सुचवलं. १९६०च्या दशकात वाहतुकीचा पहिला मोठा अभ्यास विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने केला. मग अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने शहर एकट्याने आखून चालणार नाही, भोवतालचा प्रदेश सोबत घ्यावा लागेल, हे स्पष्ट मांडलं. त्यातून १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. नगररचनेत काम करणारा प्रत्येक जण आजही ज्याला नुसतं ‘एमआरटीपी’ म्हणतो, तो हाच. १९६७मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी मंडळ नेमलं गेलं, १९७३मध्ये पहिली प्रादेशिक योजना मंजूर झाली, आणि १९७५मध्ये आजची एमएमआरडीए उभी राहिली.

या काळातली एक गोष्ट फेलोंनी जरूर वाचावी. १९६५मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची मांडणी केली. तिघंही सरकारी नोकर नव्हते. दोघं वास्तुरचनाकार आणि एक अभियंता. १९७०मध्ये ते शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाल्यावर त्यातले दोघं, कोरिया आणि पटेल, तिथे जबाबदारीच्या पदांवर गेले. बाहेरून आलेली कल्पना सरकारी फायलीत रुजली, कारण ती मांडणारी माणसंही तिच्यासोबत आत गेली आणि काही वर्षं तिथे राहिली.

त्यानंतरची तीस वर्षं भराभर सांगता येतील. १९९९मध्ये दुसरी प्रादेशिक योजना मंजूर झाली. त्याच वर्षी मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झालं, २००२पासून जागतिक बँकेच्या कर्जातून एमयूटीपीची, म्हणजे मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पाची कामं सुरू झाली, आणि २००८मध्ये संपूर्ण प्रदेशाचा वाहतूक अभ्यास आला. या सगळ्यांचं माप एकच होतं, प्रवासी. सकाळी गर्दीच्या तासाला किती माणसं, एका डब्यात किती, पुलावरून किती गाड्या. रोज पंचाहत्तर लाख माणसं लोकलने जात असतील तर हे माप आधी घ्यावंच लागतं, त्यात चूक काही नाही. पाण्याचा हिशेब मात्र दुसऱ्याच टेबलावर चालला होता. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सांगितलं होतं, की शहराची पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली आहे. ती ५० मिलिमीटरसाठी करा. अहवाल बारा वर्षं जवळजवळ तसाच पडून राहिला.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहराची दोन टोकं दोन वेगळ्या दिवसांत असल्यासारखी. लोकल थांबल्या, लाखो माणसं रुळावरून, रस्त्यावरून चालत घरी निघाली, आणि मुंबईत चारशेहून अधिक माणसं परत गेलीच नाहीत. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने २००६मध्ये अहवाल दिला. पाणी उपसणारी उदंचन केंद्रं उभी राहिली, पर्जन्यमापक वाढले, मिठी नदीसाठी प्राधिकरण झालं. वाहतूक आणि पाणी हे दोन विषय एका वाक्यात येऊ लागले ते या दिवसापासून, असं मी मानतो.

पण लक्ष गेलं ते मिठीकडे. उल्हासकडे नाही. मार्च २०२२मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला. २०५०पर्यंत कार्बन उत्सर्जन नक्त शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट त्यात आहे. सहा विषयांत वाहतूक आहे, शहरी पूरही आहे. काम मोलाचं आहे. तरीही तो आराखडा महापालिकेच्या हद्दीचा आहे, आणि त्या महापालिकेत रोज कामाला येणारी माणसं बदलापूर, नेरळ, आसनगाव, विरारहून येतात. २०१६-३६ची प्रादेशिक योजना २०२१मध्ये मंजूर झाली, तेव्हा या प्रदेशात नऊ महापालिका होत्या. नदीला त्यांतली एकही हद्द ठाऊक नाही.

फेलो आले ते याच टप्प्यावर. २०१२मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने नक्षलग्रस्त जिल्ह्यांत तरुणांना जिल्हाधिकाऱ्यांसोबत काम करायला पाठवलं. त्यांच्या शिक्षणाची बाजू मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने सांभाळली. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने २०१५मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली. मधे ती थांबली, २०२३मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि आता सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रमही असतो. एकवीस ते सव्वीस वयाची मुलं-मुली, मुदत बारा महिने.

हे काम प्रत्यक्षात कसं असतं, ते बदलापूर-वांगणीच्या त्याच पट्ट्यावर पाहा. रेल्वेच्या नोंदीत जागा सांगतात ती किलोमीटरने, आणि त्या किलोमीटरमधल्या विजेच्या खांबाच्या क्रमांकाने. जलसंपदाच्या नकाशावर तीच जागा असते नदीच्या साखळी अंतरावर, म्हणजे नदीच्या पात्राने मोजलेल्या अंतरावर, पाण्याच्या तलांकासह, म्हणजे पातळीच्या उंचीसह. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. तलाठ्याकडे ती गट नंबर म्हणून असते. नगरपरिषदेत विकास आराखड्याचा अमुक नकाशा. चार कार्यालयं, चार पत्ते, जागा एकच. लाल रेषा कितव्या खांबाशी रूळ ओलांडते, या साध्या प्रश्नाचं उत्तर काढायला चारही कागद एकावर एक ठेवावे लागतात. प्रत्येक कागद मिळवायला एक पत्र, दोन फेऱ्या आणि कोणाशी तरी चहा लागतो. हे कष्टाचं, नाव न होणारं काम आहे आणि मला ते अतिशय महत्त्वाचं वाटतं. कायमस्वरूपी अभियंत्याला त्यासाठी फुरसत नसते. फेलोकडे ती असते, आणि चारही दारं ठोठावण्याची मुभाही.

अडचण मुदतीची आहे. बारा महिन्यांत पावसाळा एकच. ते वर्ष कोरडं गेलं, तर फेलोने पूर पाहिलेलाच नसतो. ओलं गेलं, तर ओळखी करून घेण्यातच त्याचा पाऊस संपतो. आणि कागद जुळून येतात, नेमकी तेव्हाच मुदत संपते. कोरिया आणि पटेल यांना सिडकोत मिळालेली वर्षं या मुलांना मिळत नाहीत. माझ्या मते मुदत निदान दोन पावसाळ्यांची हवी, आणि दुसऱ्या पावसाळ्यात नवा फेलो जुन्यासोबत त्याच पट्ट्यावर फिरायला हवा.

कारण पट्टा तसाच राहणार नाही. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी ३-अ मध्ये आहे, पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग एमयूटीपी ३ मध्ये. नवा रूळ म्हणजे नवा भराव. भरावाखालून पाणी जायला मोऱ्या किती आणि किती रुंद ठेवायच्या, हे काँक्रीट ओतण्याआधी ठरतं. त्या वेळी टेबलावर लागतो तो २०१९च्या पाण्याचा खांबनिहाय तक्ता: या खांबाशी पाणी रुळाच्या वर किती होतं, कोणत्या बाजूने आलं, कधी ओसरलं. रुळाची देखभाल करणाऱ्या गँगमनला ते आठवतं. वांगणीच्या बाजूच्या शेतकऱ्यालाही. त्यांच्यासोबत चालत जाऊन, ते सांगतील तिथे टेप लावून लिहून घ्यायचं, तर ती माणसं तिथे आहेत तोवरच.