विद्यार्थी समुपदेशनातील गोपनीयता आणि नोंदी

विद्यार्थ्याने समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय तिसऱ्या कोणालाही न कळवणे आणि तिची लेखी नोंद जपून ठेवणे, हे समुपदेशकाचे व्यावसायिक कर्तव्य. बोललेला मजकूर तर गोपनीय असतोच, पण अमुक विद्यार्थी केंद्रात येतो ही बाबही गोपनीय असते. चौकशीचा फोन आला तर ‘तो इथे येत नाही’ असेसुद्धा सांगायचे नसते. एकाविषयी नकार दिला आणि दुसऱ्याविषयी गप्प राहिले, की गप्प राहण्याचाच अर्थ होकार असा लागतो. सगळ्यांना एकच उत्तर द्यावे लागते.

शैक्षणिक संस्थेत हे कर्तव्य पाळणे अवघड जाते, कारण समुपदेशकाला पगार संस्था देते आणि विश्वास विद्यार्थी ठेवतो. वर्गशिक्षक काळजीपोटी विचारतात, वसतिगृहाचे अधीक्षक विचारतात, पालक विचारतात. त्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. म्हणून तर नाही म्हणणे कठीण होते. ज्या शिक्षकाने विद्यार्थ्याला पाठवले, त्यालाही ‘तो येऊन गेला’ एवढेच, आणि तेही विद्यार्थ्याची संमती असेल तरच, कळवावे. जो शिकवतो किंवा गुण देतो त्यानेच त्या विद्यार्थ्याचे समुपदेशन करू नये, हा नियम याच अडचणीतून आला.

संमतीपत्र, भेटींची नोंद, चाचण्यांचे निकाल आणि पत्रव्यवहार मिळून विद्यार्थ्याची फाइल होते. ही फाइल गुणपत्रके आणि शिस्तभंगाच्या कागदांपासून वेगळी, कुलूपबंद ठेवली जाते. अमेरिकेत शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा १९७४ साली झाला. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या उपचारासाठी ठेवलेल्या आणि उपचार करणाऱ्यांपुरत्याच राहिलेल्या नोंदी त्या कायद्याने ‘शैक्षणिक नोंदी’ या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. दोन्ही प्रकारचे कागद एका कपाटात गेले की ही भिंत कोसळते.

काय लिहावे, हा प्रश्न कुठे ठेवावे याहून मोठा आहे. ‘वडिलांचे बाहेर संबंध असल्याचे सांगितले’ असे वाक्य फाइलीत जाते आणि ज्यांनी कधी संमती दिली नाही अशा माणसाची माहिती तिथे कायमची राहते. ‘घरातील ताणाबद्दल बोलणे झाले, झोप कमी आहे, पुढील भेट आठवड्याने’ एवढ्याने काम भागते. विद्यार्थी स्वतः ही नोंद वाचेल असे धरूनच ती लिहावी. अनेक ठिकाणी त्याला तसा हक्कही असतो. धोक्याच्या प्रसंगी मात्र त्रोटकपणा घातक ठरतो. आत्महत्येचा विचार पुढे आला, तर काय विचारले, काय उत्तर मिळाले, कोणता निर्णय घेतला आणि कोणाला कधी कळवले, हे सविस्तर लिहावेच लागते.

गोपनीयता निरपवाद नसते. १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील रुग्णालयात उपचार घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने, आपण तात्याना तारासॉफ या तरुणीला ठार मारणार आहोत, असे मानसशास्त्रज्ञाला सांगितले. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी विद्यार्थ्याची विचारपूस करून त्याला सोडले. तरुणीला मात्र कोणीच सावध केले नाही आणि तिची हत्या झाली. या तारासॉफ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ठरवले, की धोक्यात असलेल्या व्यक्तीचे रक्षण करण्याची वाजवी काळजी घेणे हेही उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. कायदा देशागणिक बदलतो. भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते आणि जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, न्यायालयाचा आदेश अशा प्रसंगी त्याला अपवादही सांगते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे समुपदेशकाला निवड नसते.

म्हणूनच या मर्यादा पहिल्या भेटीत, विद्यार्थी मन मोकळे करण्याआधी, सोप्या शब्दांत सांगायच्या असतात. ‘इथले काहीही बाहेर जाणार नाही’ हे आश्वासन ऐकायला गोड आहे, पण खोटे आहे. ते मोडले तर तो विद्यार्थी पुन्हा कोणाकडेच जाणार नाही. माहिती उघड करावीच लागली तर शक्य असेल तेव्हा आधी त्याला सांगावे, आणि गरजेपुरतीच, गरज असलेल्या व्यक्तीलाच द्यावी.

माहिती फुटते ती बहुधा साध्या जागी: प्रतीक्षाकक्षात उघडे पडलेले नावांचे रजिस्टर, दारापाशी मोठ्याने पुकारलेले नाव, अनेकांना पासवर्ड ठाऊक असलेला संगणक, भेटीची आठवण देणारा आणि घरच्यांच्या फोनवर गेलेला संदेश. त्यामुळे कार्यालयातील लेखनिक आणि शिपाई यांनाही गोपनीयतेचे तेच बंधन लागू असते.

नोंदी किती वर्षे ठेवायच्या हे त्या ठिकाणचा कायदा आणि संस्थेचे लेखी धोरण ठरवते. मुदत संपल्यावर कागद रद्दीत न देता कापून नष्ट करतात आणि संगणकावरील राखीव प्रतीही पुसतात. समुपदेशक नोकरी सोडून गेला तरी फाइल केंद्रातच राहते. नव्या समुपदेशकाने ती उघडण्याआधी विद्यार्थ्याला विचारावे. जुनी हकीकत पुढे न्यायची की नव्याने सुरुवात करायची, हे त्याने सांगावे.