‘हिदरटू’ म्हणजे ‘यापुढे’ नव्हे

कार्यालयीन इंग्रजीच्या टिपा म्हणून फिरणाऱ्या संदेशांत एक ओळ असते: ‘हिदरटू आणि हेन्सफोर्थ एकच, दोन्हींचा अर्थ यापुढे.’ हे खरे नाही. दोन्ही शब्द भारदस्त, पत्रातच जास्त भेटणारे, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे.

‘हिदर’ म्हणजे इकडे. ‘हिदरटू’ म्हणजे इथपर्यंत, आजवर. ‘हेन्स’ म्हणजे इथून, ‘फोर्थ’ म्हणजे पुढे. एक शब्द मागचा काळ आजपर्यंत आणून सोडतो, दुसरा आजपासून पुढे नेतो.

सोलापुरातल्या एखाद्या चादर कारखान्याला बाहेरगावच्या व्यापाऱ्याला कळवायचे आहे, की आजवर माल उधारीवर दिला, यापुढे रोखीनेच देऊ. पहिल्या भागात ‘हिदरटू’, दुसऱ्यात ‘हेन्सफोर्थ’. अदलाबदल झाली तर वाक्यच कोलमडते, आणि व्यवहाराच्या पत्रात हे परवडत नाही.

पडताळायचे असेल तर क्रियापद बघा. ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ असेल तर बहुधा ‘हिदरटू’ बसते. ‘विल’ किंवा ‘शॅल’ असेल तर ‘हेन्सफोर्थ’. मग त्या जागी ‘अंटिल नाऊ’ किंवा ‘फ्रॉम नाऊ ऑन’ घालून वाचा. शंका उरलीच तर कोणताही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा, दोन्हींचे अर्थ वेगळेच दिलेले सापडतील.

आणि ‘फ्रॉम हेन्सफोर्थ’ लिहू नका. ‘पासून’ त्यात आधीच आहे.