मशीन बदललं की जावा वेब ॲप का अडतं

एका मशीनवर छान चालणारं जावा वेब ॲप दुसऱ्या मशीनवर टाकलं की सुरूच होत नाही, किंवा सुरू होतं पण पेज उघडत नाही, ही अडचण फार जुनी आहे. वॉर फाइल, म्हणजे सगळं ॲप बांधलेली एकच फाइल, तीच असते, कोडमधलं एक अक्षर बदललेलं नसतं, म्हणून दोष बहुतेक वेळा भोवतालच्या गोष्टींत सापडतो: जावाची आवृत्ती, सर्व्हरची आवृत्ती, पोर्ट, परवानग्या, फाइलींची नावं.

सगळ्यात आधी लॉग वाचायचा, काहीही परत इन्स्टॉल करायच्या आधी. टॉमकॅटमध्ये, म्हणजे जावा वेब ॲप चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये, लोक कॅटालिना डॉट आऊट ही लॉग फाइल उघडतात, तिथे 'लिसनर (ॲप सुरू होताना चालणारा कोड) सुरू झाला नाही' एवढंच दिसतं आणि ते तिथेच थांबतात, पण खरं कारण बऱ्याचदा त्याच फोल्डरमधल्या, नावात लोकलहोस्ट आणि तारीख असलेल्या फाइलमध्ये असतं. एररची लांबलचक माळ वरून वाचत बसू नये, शेवटचं 'कॉज्ड बाय' शोधावं, मूळ कारण तिथे लिहिलेलं असतं.

'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' ही एरर आली तर उत्तर आकड्यातच असतं. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. एररमध्ये ६१ विरुद्ध ५२ दिसलं की कोड १७ साठी कंपाइल झालाय आणि सर्व्हर ८ वर चालतोय. इथे एक चकवा आहे: टर्मिनलमध्ये जावाची आवृत्ती बरोबर दिसते, पण टॉमकॅट सर्व्हिस म्हणून चालत असेल तर त्याचं जावा होम (जावा कुठून घ्यायचं ते सांगणारी सेटिंग) वेगळं असू शकतं, त्यामुळे सर्व्हर सुरू होताना लॉगमध्ये कोणती आवृत्ती छापतो तेच खरं मानायचं. नुसता टार्गेट ८ हा ऑप्शन देऊन नव्या जेडीकेवर (जावाच्या डेव्हलपमेंट किटवर) कंपाइल केलं तरी भागत नाही, क्लास लोड होतो आणि मग जुन्या जावात नसलेली मेथड बोलावली की 'नो सच मेथड' येते. जावा ९ पासून त्यासाठी रिलीज नावाचा ऑप्शन आहे, तोच वापरावा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड म्हणजे जावाएक्स आणि जकार्ता, एकाच गोष्टीच्या पॅकेजची जुनं आणि नवं नाव. टॉमकॅट ९ ला सर्व्हलेट (वेब विनंतीला उत्तर देणारे क्लास) जावाएक्स पॅकेजमधले लागतात, १० पासून जकार्ता. जुनी वॉर १० च्या वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकली की कधी क्लास सापडत नाही म्हणून एरर येते, पण कधी लॉग स्वच्छ असतो, ॲप डिप्लॉय झालेलं दिसतं आणि प्रत्येक पत्त्यावर ४०४, कारण कोडमधल्या जुन्या ॲनोटेशनकडे (कोणता पत्ता कोणत्या क्लासकडे जातो ते सांगणाऱ्या खुणांकडे) नवा सर्व्हर बघतच नाही. माणूस दिवसभर यूआरएल तपासत बसतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आवृत्ती बघायला एक मिनिट पुरतं.

पेज उघडत नसेल तर आधी सर्व्हरवरूनच ८०८० ला, म्हणजे टॉमकॅटच्या नेहमीच्या पोर्टला, विचारून बघावं. तिथे उत्तर येतं आणि बाहेरून येत नाही, तर फायरवॉल बघा किंवा सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर, ऐकतोय का ते बघा. लिनक्सवर १०२४ च्या खालचं पोर्ट साध्या युजरला सहसा मिळत नाही.

विंडोजवरून लिनक्सवर जाताना फाइलनावातलं लहानमोठं इंग्रजी अक्षरही नडतं. आणि मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर डीफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) तपासा: २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून ते सगळीकडे यूटीएफ-८ आहे, त्याआधी मशीनच्या सेटिंगवर ठरायचं, म्हणून जुन्या जावावर फाइल डॉट एन्कोडिंग ही सेटिंग स्वतः द्यावी लागते.