सशाचं पोट बंद पडणं

पाळलेल्या सशाच्या आतड्यांची हालचाल मंदावली किंवा थांबलीच, तर त्याला पोट बंद पडणं म्हणतात, डॉक्टर लोक जीआय स्टेसिस म्हणतात. हा एकटा असा रोग नाही, मागे दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं, दात वाढून टोचतायत, कुठे दुखतंय, घाबरलाय, पाणी कमी पडलंय, किंवा गवत कमी आणि बाकीचं खाणं जास्त झालंय. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर आपण थांबून बघतो, सशाचं तसं करायचं नाही. दहा-बारा तास त्याने काही खाल्लं नाही की ती इमर्जन्सीच धरायची.

सशाला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते पुढेच सरकायला हवं, आणि ते सरकवतो गवतातला चोथा. म्हणून खाण्यात 80 टक्क्यांच्या वर सुकं गवत पाहिजे. गोव्यात बऱ्याच घरी सकाळी पोदेर (पाववाला) आला की पोयचा, म्हणजे कोंड्याच्या गोल पावाचा, तुकडा सशाला पण जातो, केळ्याची फोड जाते, गाजर जातं, तो आवडीने खातो म्हणून आपल्याला बरं वाटतं, पण पाव आणि गोड फळांनी आतड्यातले चांगले जंतू बिघडतात, गॅस होतो. पोय तर देऊच नये.

ओळखायचं कसं, तर लेंड्या बघायच्या. मोठा ससा दिवसाला साधारण 200 ते 300 लेंड्या टाकतो, गोल, कोरड्या, एकसारख्या. त्या बारीक झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडलेल्या आल्या किंवा बंदच झाल्या की समजायचं. ससा कोपऱ्यात पाठ वाकवून बसतो, आवडीची कोथिंबीर नाकाशी धरली तरी तोंड फिरवतो, करकर दात खातो, कान गार लागतात. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी विष्ठा दिसली तर ते जुलाब नव्हेत, ती तो एरवी थेट गुदाशी तोंड लावून खातो आणि ती पडून राहिली तर खाण्यात गवत कमी आहे किंवा ससा लठ्ठ झालाय, वाकता येत नाही. पाण्यासारखे जुलाब मात्र वेगळे, पिल्लांना झाले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. पावसाळ्यात शेपटीखाली घाण राहिली तर माश्या अंडी घालून अळ्या पडतात, तिथे रोज बघावं.

पोट ढोलासारखं फुगून कडक लागलं तर तोंडात काहीही घालू नका, आत अडकलेलं असू शकतं, सिरिंजने भरवलं तर जीव जाईल. अंग गार असेल तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवून निघा. सशाचं तापमान 38.5 ते 40 डिग्री सेल्सिअस असतं, 38 च्या खाली गेलं तर फार वाईट. डॉक्टर सलाईन देतात, वेदनेचं औषध देतात, एक्स-रे काढून अडकलेलं नाही याची खात्री झाली की मगच भरवायला सांगतात. घरातली माणसांची गोळी देऊ नका, आणि अमॉक्सिसिलिन तोंडाने तर अजिबात नको, सशाच्या आतड्यात त्याने विषारी जंतू माजतात. सगळेच डॉक्टर ससे बघत नाहीत, तेव्हा पणजीत, म्हापशात, मडगावात जिथे जवळ पडेल तिथे कोण बघतो आणि रात्री कोण फोन उचलतो हे आधीच विचारून ठेवा.

गोव्यात वर्षातून अशा तीन वेळा येतात जेव्हा सशाला जास्त सांभाळावं लागतं. एप्रिल-मे मधली दमट उष्णता, ससा धापा टाकतो आणि खाणं सोडतो, त्याच्याजवळ गार फरशी आणि पाण्याचं पसरट भांडं ठेवा. पावसात गवताला बुरशी येते, वास कुबट आला की फेकून द्या, आणि बाहेर उगवलेलं ओलं गवत एकदम टोपलीभर देऊ नका, थोडं थोडं वाढवा. तिसरी नरकासुराची रात्र, दिवाळीच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत डीजे चालतो, त्या आवाजाने घाबरूनसुद्धा पोट बंद पडू शकतं, म्हणून त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, गवताच्या ढिगाजवळ ठेवावं आणि सकाळी उठल्या उठल्या आधी लेंड्या मोजाव्या.