स्थगन, प्राथमिक शाळेतील मुलींचे (सोलापूर जिल्हा)

एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे काढावी लागणे, याला शिक्षणशास्त्रात स्थगन म्हणतात. काही लेखनात स्थगिती हा शब्दही आढळतो. बोलण्यात मात्र ‘पोरगी त्याच वर्गात बसली’ एवढेच म्हटले जाते. शाळा अर्ध्यावर सुटणे म्हणजे गळती. अहवालांत या दोन्ही संज्ञा जोडीने येतात. मुलींच्या बाबतीत त्या एकमेकींपासून सोडवणे अवघड आहे आणि या नोंदीचा मुख्य प्रश्नही तोच आहे.

व्याख्या व मापन : भारतात रूढ झालेली व्याख्या सायमन आयोगाच्या साहाय्यक समितीची, म्हणजे सर फिलिप हारटॉग यांच्या समितीची (1929). प्राथमिक शिक्षण पुरे होण्याआधी मूल शाळेतून काढून घेणे म्हणजे गळती आणि खालच्या इयत्तेत एका वर्षाहून अधिक काळ राहणे म्हणजे स्थगन, असे तिने ठरवले. 1922–23 मध्ये पहिलीत असलेल्या दर 100 मुलामुलींमागे 1925–26 मध्ये चौथीत 18 च होती, हा तिचा आकडा पुढे सर्वत्र उद्धृत होत राहिला.

या आकड्याच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत. चौथीत न दिसणाऱ्या 82 मध्ये शाळा सोडलेली, मागे राहिलेली आणि मृत्यू पावलेली अशी सगळीच मुले येतात. शिवाय पहिलीचा पट मुळातच फुगलेला असतो. पहिलीत तीन वर्षे बसलेली एकच मुलगी तीन वर्षांच्या पटांत तीनदा मोजली जाते. वर्षाच्या मध्येच दाखल झालेली, वयाने लहान मुलेही त्यात भर घालतात. त्यामुळे हे गुणोत्तर गळती जास्त आणि स्थगन कमी दाखवते, असा आक्षेप निघतो व तो ग्राह्य वाटतो. समितीने शाळांच्या विस्ताराऐवजी दर्जा पक्का करण्याचा सल्ला दिला होता. मुंबई प्रांतातले शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी त्याला विरोध करून विस्ताराची बाजू घेतली. स्वातंत्र्यानंतर गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी सोलापूरला लागून असलेल्या सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाचा अभ्यास केला (1955). कोठारी आयोगाने (1964–66) कनिष्ठ प्राथमिक स्तरावरची गळती मुलांत सुमारे 56 टक्के, तर मुलींत 62 टक्के धरली आणि पहिली-दुसरी मिळून एकच सलग गट मानावा, असे सुचवले.

मुलींचे स्थगन : बहुतेक देशांच्या आकडेवारीत मागे राहणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मुलींहून जास्त असते. यावरून मुली अभ्यासात पुढे असतात, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो अंशतः खरा असेलही. पण ज्या घरात मुलाला दुसरी आणि तिसरी संधी मिळते, त्याच घरात मुलीचे एकदा नापास होणे तिचे नाव शाळेतून काढायला पुरेसे ठरते. मग तिची नोंद स्थगनात न होता गळतीत होते. म्हणून मुलींच्या स्थगनाचा कमी आकडा एकटा वाचू नये. तो गळतीच्या आकड्याशेजारी ठेवला तरच त्याला अर्थ येतो.

सोलापुरातील कारणे : शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली (तेलुगूभाषक विणकर समाज) वस्तीत पुरुष कापडाच्या मागावर आणि बायका विडीवर, अशी कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. पाने व तंबाखू कारखान्यातून घरी येतात आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. पान कापणे, विडीचे तोंड मिटणे ही कामे लहान मुलीच्या हाताला सहज जमतात आणि हजाराचा आकडा लवकर भरतो. 1986 च्या बालकामगार कायद्याने विडी वळणे निषिद्ध यादीत घातले, पण कुटुंबाच्या मदतीने घरी चालणारे काम वगळले. सोलापुरातल्या बहुतेक मुली नेमक्या याच सवलतीत येत होत्या. घरची भाषा तेलुगू आणि शाळा मराठी, हे दुसरे कारण. पहिली-दुसरीतल्या वाचनाचा अडसर पुष्कळदा बुद्धीचा नसून भाषेचा असतो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नडभाषक मुलींची अडचण हीच आहे.

ग्रामीण भागात ऊसतोडीचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाला छेद देते. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेले की धाकट्या भावंडाला कोपीवर (तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर) सांभाळायला थोरली मुलगीच लागते. तिचे नाव गावच्या पटावर राहते, ती मात्र उसाच्या फडात असते. साखरशाळा (कारखान्याजवळ हंगामापुरत्या चालणाऱ्या शाळा), हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिलेले कार्ड) हे उपाय याच अडचणीसाठी योजले गेले. जिल्ह्यात साखर कारखाने तिसाहून अधिक आहेत. त्यामुळे बाहेरच्या जिल्ह्यांतून, विशेषतः बीडमधून, आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या मुलींचा प्रश्नही सोलापूरच्या शाळांपुढे येतो.

कायदा व सद्यःस्थिती : शिक्षणहक्क कायद्याच्या (2009, अंमल 1 एप्रिल 2010) कलम 16 नुसार आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवता येत नव्हते. लोकांनी त्याला ‘ढकलपास’ म्हटले. नोंदवहीतले स्थगन संपले, न येणारे वाचन मात्र राहिले. 2018 च्या ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली व महाराष्ट्राने 2023 मध्ये तसा नियम केला.

मुलींच्या दृष्टीने यातली पाचवी विशेष काळजीची आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच असल्याने पाचवीला शाळा बदलते, अंतर वाढते आणि त्याच वर्षी नापासीची शक्यता उभी राहते. निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यावी लागते. ते दिवस बहुतांशी मे-जूनचे. ऊसतोड टोळ्या तोवर गावी परतलेल्या असतात, त्यामुळे शिक्षकाने मनावर घेतल्यास या मुलींची तयारी करून घेता येते. विडीच्या घरात मात्र सुट्टीतच मुलीचा हात दिवसभर विड्या वळायच्या सुपावर असतो.