कॉम्प्युटर चालू होताच उघडणारं चॅटिंगचं ॲप: बंद कसं करायचं, काढायचं कधी
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, लातूर

कॉम्प्युटर चालू केला की कुणी न सांगता टीम्स (मायक्रोसॉफ्टचं चॅट आणि मीटिंगचं ॲप) उघडतं, स्काईप पासवर्ड मागतं, टेलिग्राम वाजत राहतं आणि टॅली किंवा लेकरांचा क्लास उघडायला ताटकळावं लागतं. यासाठी मशीन उचलून दुकानात आणायची गरज नाही. फॉरमॅट मारायची तर मुळीच नाही. खालचं काम घरीच होतं, फक्त क्रमाने करा आणि जिथे भागलं तिथे थांबा.

हे ॲप आलं कुठून?

विंडोजसोबत मेसेंजर येणं नवं नाही. 2001 सालच्या एक्सपीमध्येही तो होताच. ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज 11 आली ती खालच्या पट्टीवर टीम्सच्या चॅटचं चिन्ह घेऊनच. ऑफिसच्या पॅकेजमधूनही टीम्स येतं. लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी किंवा क्लाससाठी टाकलेलं टीम्स तर आजही कितीतरी घरांत तसंच पडून आहे. स्काईपचा विषय मात्र मिटला आहे: ती सेवा 5 मे 2025 ला बंद झाली. तुमच्या मशीनवर ते अजून दिसत असेल तर खुशाल काढून टाका.

फुली दाबून ते बंद होत नाही

वरची फुली दाबली की खिडकी जाते, ॲप मागे चालूच राहतं. घड्याळाशेजारी वर तोंड केलेला छोटा बाण असतो, तो दाबा. लपलेली चिन्हं दिसतील. नको त्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘क्विट’ किंवा ‘एक्झिट’ निवडा. आता ते खरंच बंद झालं, पण आजच्यापुरतंच.

स्वतःहून सुरू होणं थांबवा

बहुतेकांचं काम इथेच संपतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज 11 मध्ये डाव्या बाजूला ‘स्टार्टअप ॲप्स’ असतं. विंडोज 10 मध्ये आधी खाली ‘मोअर डिटेल्स’ दाबावं लागतं, मग वर ‘स्टार्टअप’ दिसतं. यादीतल्या ॲपवर उजवं क्लिक करून ‘डिसेबल’ करा. याने ॲप पुसलं जात नाही, हवं तेव्हा हाताने उघडता येतं.

यादी दिसली म्हणून सरसकट सगळं डिसेबल करत सुटू नका. आवाजाचा ड्रायव्हर, टचपॅड, विंडोज सिक्युरिटी, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर यांना हात लावू नका. नाहीतर दुसऱ्या दिवशी मराठी उमटत नाही नाहीतर जीएसटीच्या रिटर्नवर सही होत नाही, आणि दोष कीबोर्डला किंवा टोकनला दिला जातो. एखादं नाव ओळखीचं नसेल तर ते तसंच राहू द्या.

ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही हा खटका असतो, तोही बंद करा. टीम्स आणि व्हॉट्सॲपमध्ये तो सेटिंग्जच्या ‘जनरल’मध्ये, टेलिग्राममध्ये ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये सापडेल. दोन्हीकडे बंद करायचं कारण असं की काही ॲप्स अपडेट झाली की स्टार्टअपच्या यादीत आपलं नाव पुन्हा घालतात.

बंद केलं तरी परत का येतं?

सगळ्यात फसवं कारण विंडोजच्याच एका सोयीत आहे. सेटिंग्ज, मग ‘अकाउंट्स’, मग ‘साइन-इन ऑप्शन्स’ उघडा. तिथे ‘रीस्टार्टेबल ॲप्स’ जपून ठेवून पुन्हा उघडण्याचा खटका आहे. तो चालू असेल तर मशीन बंद करताना उघडी असलेली काही ॲप्स पुढच्या वेळी आपोआप उघडतात. मग स्टार्टअपमध्ये ‘डिसेबल्ड’ लिहिलेलं दिसतं आणि तरी ॲप समोर हजर! हा खटका बंद करा आणि एकदा ‘रीस्टार्ट’ करून पाहा.

दुसरं कारण म्हणजे वेगळी खाती. वडिलांच्या नावाने बंद केलेलं ॲप मुलीच्या खात्यात चालूच असतं. ज्याच्या त्याच्या खात्यात जाऊन बंद करावं लागतं.

तिसरं कारण जुन्या टीम्सचं. ते काढलं तरी ‘टीम्स मशीन-वाइड इन्स्टॉलर’ नावाची वेगळी नोंद मागे राहते आणि टीम्स पुन्हा बसवू शकते. काढायचं तर दोन्ही काढा.

आणि कधी कधी चोर दुसराच असतो. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्यासाठी मेसेज’, ‘व्हायरस सापडला’ अशा चौकटी येतात त्या मेसेंजरच्या नसतात. कुठल्यातरी वेबसाइटवर ‘अलाऊ’ दाबलेलं असतं, तिथून त्या येतात. क्रोममध्ये सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे जा आणि अनोळखी साइट्स काढून टाका. अशा चौकटीतला फोन नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय म्हणत कुणी एनीडेस्क (दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप) टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यात जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

पूर्ण काढायचं असेल तर

आधी घरात विचारा. शाळेचा वर्ग किंवा ऑफिसची मीटिंग त्यावर होत असेल तर काढू नका, स्टार्टअपमधून बंद करणं पुरे. कुणालाच नको असेल तर त्यातून आलेल्या कामाच्या फाइल्स आधी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मग सेटिंग्ज, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ (विंडोज 10 मध्ये ‘ॲप्स अँड फीचर्स’) इथे ते नाव शोधून ‘अनइन्स्टॉल’ करा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, डेस्कटॉप यूपीएसवर असू द्या. मध्येच लाईट गेली तर ॲप अर्धवट निघतं आणि मग धड चालत नाही, धड निघत नाही.

फोल्डर हाताने डिलीट करू नका. फाइल्स जातात पण विंडोजमधली नोंद राहते, आणि दर वेळी एररची चौकट येते. रजिस्ट्री (विंडोजची आतली नोंदवही) साफ करून देणारी फुकट सॉफ्टवेअर तर अजिबात टाकू नका, त्यांनी बिघडवलेलं मशीन दुरुस्त करणं मेसेंजर काढण्यापेक्षा कितीतरी कठीण. ‘वेबव्ह्यू 2’ हे नाव यादीत दिसलं तर तेही राहू द्या. ते मेसेंजर नाही, त्याच्यावर इतर ॲप्स चालतात.

ॲप काढलं म्हणजे खातं बंद झालं असं नाही, आणि फोनमधल्या व्हॉट्सॲपलाही त्याने धक्का लागत नाही. मात्र कॉम्प्युटर विकणार किंवा कुणाला देणार असाल तर फोनवर व्हॉट्सॲपचं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तो कॉम्प्युटर तिथून लॉग आउट करा. एका खात्याला जास्तीत जास्त चार डिव्हाइस जोडता येतात. त्या यादीत अनोळखी नाव दिसलं तर तेही लगेच काढा.

याने मशीन किती पळेल?

रॅम 4 जीबी आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर फरक नक्की जाणवेल. सुरू होताना सगळी ॲप्स एकाच वेळी डिस्ककडे मागणी करतात, आणि हार्ड डिस्कला तीच गर्दी झेपत नाही. 8 जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) असेल तर फरक थोडाच, फक्त कटकट कमी होईल. हे सगळं करूनही टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’खाली बराच वेळ 100 टक्के दिसत असेल तर दोष मेसेंजरचा नाही. तेव्हा डिस्क तपासून घ्या. ती म्हातारी झाली असेल तर रॅम वाढवण्याआधी एसएसडी बसवा, तोच खर्च सार्थकी लागतो.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, म्हणून त्या मशीनवर नको असलेली, अपडेट न होणारी ॲप्स ठेवू नका.

तरीही जमलं नाही तर स्टार्टअपच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढून दुकानात दाखवा, बऱ्याचदा फोटोवरूनच उलगडा होतो. मशीन आणावंच लागलं तर लॅपटॉपसोबत चार्जर आणा, डेस्कटॉपचा फक्त डबा आणा, मॉनिटर नको. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नका, आमच्यासमोर स्वतः टाका.